स्वस्तातला ब्रँडेड पीसी घ्यायचा की स्वतः असेंबल करायचा? आधी पैसे कुठे कापलेत ते बघा

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी ही चर्चा सुरू होते, पोरांना कॉम्प्युटर घ्यायचाय, बजेट चाळीस-पंचेचाळीस हजार, मग काका म्हणतात शोरूममधून ब्रँडेड घ्या डोक्याला ताप नको, आणि शेजारचा इंजिनिअरिंगवाला म्हणतो असेंबल करा निम्म्या पैशात होतो. निम्म्या पैशात काही होत नाही. आणि ब्रँडेड घेतला म्हणून ताप टळतोच असंही नाही. या बजेटमध्ये प्रत्येक मशीनमध्ये कुठे ना कुठे काटकसर केलेली असतेच, ब्रँडेडमध्ये ती कंपनी करते आणि तुम्हाला सांगत नाही, असेंबलमध्ये ती तुम्ही करता आणि नीट माहिती नसेल तर चुकीच्या जागी करता. म्हणून दोन्हीकडे काटकसर कुठे लपलेली असते ते बघू आणि मग असेंबल करायचं ठरलं तर पार्ट निवडण्यापासून विंडोज टाकेपर्यंत सगळं क्रमाने.

पहिलं काम: घरात त्या मशीनवर नक्की काय होणार

हे कागदावर लिहा, खरंच. एमएस-सीआयटी, मराठी टायपिंगची प्रॅक्टिस, ऑनलाइन फॉर्म, टॅली, यूट्यूब, ऑनलाइन क्लास एवढंच असेल तर चार कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग) साधा प्रोसेसर, ८ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि एसएसडी (साध्या हार्ड डिस्कच्या जागची वेगवान साठवण), बास. प्रोग्रामिंग, ॲन्ड्रॉइड स्टुडिओ, फोटोशॉप, थोडंफार व्हिडिओ एडिटिंग असेल तर १६ जीबी रॅम आणि सहा कोअर धरून चला. ऑटोकॅडचं थ्रीडी, ब्लेंडर, मोठे गेम असतील तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणार, आणि मग चाळीस हजारात ते बसत नाही हे आत्ताच मान्य करा, नाहीतर दुकानदार बसवून देतो आणि बाकी सगळे पार्ट रडके लावतो.

शोरूममधल्या मशीनमध्ये काय बघायचं

डब्यावरचं "इंटेल, ८ जीबी, ५१२ जीबी" हे वाचून काहीच कळत नाही. मशीन चालू करायला सांगा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. सीपीयूवर क्लिक केलं की वर उजवीकडे प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. तिथे इंटेल एन१०० दिसला तर समजा की तो चार छोट्या कोअरचा, ६ वॅटचा प्रोसेसर आहे, २०२३ च्या सुरुवातीला आलेला. टायपिंग, ब्राउझिंग, व्हिडिओ बघणं हे तो व्यवस्थित करतो, वीज अगदी कमी खातो, पण त्याच्याकडून एडिटिंगची अपेक्षा करू नका. "आय५" लिहिलेलं असेल तरी पूर्ण नंबर बघा, शेवटी यू असेल तर तो लॅपटॉपचा कमी विजेवर चालणारा प्रोसेसर आहे, ऑल-इन-वन मशीनमध्ये हे सर्रास असतं.

मग मेमरीवर क्लिक करा. खाली "स्लॉट्स यूज्ड" असं येतं, तिथे बहुतेक वेळा दोनपैकी एक दिसेल, म्हणजे एकच रॅमची पट्टी लावलीय. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे एका पट्टीवर ते अर्ध्या रस्त्यावर धावतं, दुसरी तेवढीच पट्टी टाकली की फरक डोळ्याला दिसतो. दुसरा स्लॉट रिकामा असेल तर उत्तम, पुढे भर घालता येईल. स्लॉटच नसेल, रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असेल, तर ते मशीन जसं आहे तसंच आयुष्यभर राहणार. डिस्कवर क्लिक केलं की एसएसडी आहे की एचडीडी ते लिहिलेलं असतं, विंडोज साध्या हार्ड डिस्कवर असेल तर तिथूनच परत फिरा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी स्क्रीनवर दिसतच नाही. मशीनची मागची बाजू बघा, एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, आकार बघा आणि त्यावरचे वॅट वाचा. बऱ्याच ब्रँडेड बजेट डेस्कटॉपमध्ये १८० वॅटच्या आसपासचा एसएमपीएस असतो आणि त्याचं मदरबोर्डला (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) जाणारं कनेक्टर कंपनीचं स्वतःचं असतं, आपल्या नेहमीच्या २४ पिनचं नाही. म्हणजे काय होतं, वॉरंटी संपल्यावर तो एसएमपीएस गेला की बाजारातला कुठलाही एसएमपीएस त्याला चालत नाही, तोच मॉडेल नंबर शोधत फिरा. मदरबोर्डचंही तेच, गेला तर दुसरा बोर्ड त्या कॅबिनेटमध्ये बसेलच असं नाही. माझ्या ओळखीच्या एका झेरॉक्सवाल्याकडे असंच झालं, मशीन उत्तम चालायचं पण एसएमपीएस गेला आणि तो मिळेपर्यंत ऐन ॲडमिशनच्या सीझनमध्ये त्याचं ऑनलाइन फॉर्मचं काम बंद पडलं. ज्याचा धंदाच मशीनवर चालतो त्याने हे आधी तपासलंच पाहिजे.

तरी ब्रँडेड कोणी घ्यावा

बरेच जणांनी घ्यावा, मी असेंबलवाल्यांच्या बाजूचा असलो तरी हे सांगणारच. त्यात ओरिजिनल विंडोज येतं, कधीकधी ऑफिसही येतं, आणि ऑनसाइट वॉरंटी असेल तर माणूस घरी येतो. गावाकडे आई-बाबांसाठी मशीन हवंय, तुम्ही पुण्यात किंवा बाहेरदेशी, तिथे जवळपास मदरबोर्ड बघणारं कोणी नाही, तर ब्रँडेडच. फक्त विकत घ्यायच्या आधी कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून त्या तालुक्यात ऑनसाइट सर्व्हिस खरंच आहे का ते बघा, "सगळीकडे मिळते" या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

ऑल-इन-वनबद्दल एकच सांगतो, दिसायला छान पण स्क्रीन गेली की अख्खं मशीन रिपेअरला, त्यामुळे बजेट कमी असणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक पर्याय आहे, ऑफिसांमधून बदललेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप. चांगला माल असतो, बॉडी मजबूत असते, पण एक गोष्ट पक्की बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं, शिवाय टीपीएम २.० (बोर्ड किंवा प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) लागतं. बाजारात "आय५, आय७, एकदम फास्ट" म्हणून जे चौथ्या-सहाव्या जनरेशनचे डबे विकतात ते यात बसत नाहीत. नंबर वाचायला सोपा आहे, आय५-४५७० म्हणजे चौथी, आय५-८५०० म्हणजे आठवी. आठवीच्या खालचं फक्त लिनक्स चालवणार असाल तरच घ्या.

असेंबल करायचं ठरलं, पार्ट कसे निवडायचे

आधी एक आजची गोष्ट. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव भडकलेत, मेमरी बनवणाऱ्या कंपन्या एआयच्या सर्व्हरना माल वळवतायत, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे जुन्या व्हिडिओमधले "तीस हजारात पीसी" वाले हिशोब आज जुळत नाहीत, आणि जुन्या भावाने आलेलं ब्रँडेड मशीन दुकानात पडून असेल तर ते असेंबलपेक्षा स्वस्त पडू शकतं. म्हणून ज्या दिवशी घ्यायचं त्याच दिवशी दोन्हीचे भाव काढा. घरात जुनं डेस्कटॉप असेल आणि त्यात डीडीआर४ (रॅमची आधीची पिढी, आताची डीडीआर५) रॅम असेल तर ती सोन्यासारखी जपा, डीडीआर४ वाला बोर्ड घेऊन तीच वापरा, मोठा खर्च वाचतो.

प्रोसेसर: ग्राफिक्स कार्ड घ्यायचं नसेल तर ज्यात ग्राफिक्स आत आहे तोच घ्या. एएमडीमध्ये रायझन ५ ५६००जी, सहा कोअर बारा थ्रेड (थ्रेड म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामं), डीडीआर४ वर चालतो, २०२१ चा आहे पण या कामांना अजून दमदार. इंटेलमध्ये आय३-१२१००, चार कोअर आठ थ्रेड, ऑफिस आणि साध्या कोडिंगला झकास. नावाच्या शेवटी एफ आलं, म्हणजे १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही, स्क्रीनवर काहीच येणार नाही. तसंच रायझन ५ ५५०० आणि नुसता ५६०० यांतही ग्राफिक्स नाही. हजार-दीड हजार वाचतात म्हणून हे घेतले जातात आणि घरी जाऊन अडकायला होतं. ॲमेझॉनवर किंवा दुकानात "ट्रे" प्रोसेसर स्वस्त मिळतो, तो डब्याशिवाय येतो आणि त्यावर बॉक्सवाल्याला मिळणारी कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी मिळत नाही, मी तरी बॉक्सवालाच घेतो.

मदरबोर्ड: ५६००जी ला बी५५० किंवा ए५२०, १२१०० ला एच६१०. एच६१० चे बोर्ड डीडीआर४ चे वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे येतात, रॅम एकमेकांत बसत नाही, बिल करायच्या आधी दोन्हीचे डबे शेजारी ठेवून वाचा. बोर्ड बराच काळ शेल्फवर पडलेला असेल तर नवीन प्रोसेसर ओळखायला बायोस (बोर्डमधला सुरुवातीचा प्रोग्राम) अपडेट लागतं, दुकानदाराला तिथेच करून द्यायला सांगा.

पुढे भर घालायचा विचार असेल आणि बजेट थोडं ताणता येत असेल तर एएमडीचं एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) बघा, रायझन ५ ८६००जी वगैरे. त्याचं आतलं ग्राफिक्स ५६००जी पेक्षा बरंच तगडं आहे आणि त्याच सॉकेटवर पुढचे प्रोसेसर येत राहणार आहेत. पण ते डीडीआर५ मागतं आणि सध्या तिथेच खिसा कापला जातो.

रॅम दोन पट्ट्यांत घ्या, ८ चे दोन. पैसे अगदीच कमी असतील तर ८ ची एक घेऊन रिकामा स्लॉट ठेवा, पण मनात धरून ठेवा की दुसरी घ्यायचीच आहे. एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान) ५०० जीबी-१ टीबी, ओळखीच्या ब्रँडची.

आणि एसएमपीएस. इथे मी हट्टी आहे. कॅबिनेटबरोबर "४५० वॅट" लिहिलेला जो हलका एसएमपीएस फुकट येतो तो वापरू नका. आपल्याकडे लाइट जाते-येते, व्होल्टेज खालीवर होतं, आणि तो स्वस्तातला एसएमपीएस एकटा मरत नाही, जाताना बोर्ड आणि एसएसडी घेऊन जातो. ८० प्लस ब्रॉन्झचा शिक्का हा वीज किती कमी वाया जाते त्याचा आहे, टिकाऊपणाची हमी नाही, तरी निदान तेवढा तर असावाच, वर वॉरंटी किती वर्षांची देतात ते बघा. कॉर्सेअर, डीपकूल, अँटेक यांचे ४५० वॅटचे साधे मॉडेल या मशीनला पुरेसे होतात, अडीच-तीन हजाराच्या खाली मी जात नाही. पैसे कमी पडले तर कॅबिनेट साधं घ्या, आरजीबीचे रंगीत दिवे सोडा, पण इथे कापू नका. सोबत ६०० व्हीएचा यूपीएस, ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला तेवढा चालतो, काम सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ देतो. घरचं अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही हे नक्की.

हिशोब लिहिताना मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस आणि विंडोज हे पाच आकडे धरायचे विसरतात आणि मग असेंबल उगाच स्वस्त वाटतं. ब्रँडेडच्या किमतीत विंडोज आहे, तुमच्यात नाही. तीनशे-चारशे रुपयांत मिळणाऱ्या ऑनलाइन की वर विसंबू नका, आणि क्रॅक तर अजिबात नको, त्याच मशीनवर तुम्ही बँकेचं काम करणार आहात. पैसे नसतील तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाका, फुकट आहे, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात सेटिंगमधून मिळतो. टॅली, ऑटोकॅड लागत असेल तर मात्र विंडोजचे पैसे बाजूला ठेवाच.

खरेदी

मुंबईत असाल तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, रविवार सोडून जा कारण त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद असतात. तीन दुकानांत सारखीच यादी दाखवा, मॉडेल नंबरसकट, "एच६१० बोर्ड" एवढं सांगितलं तर प्रत्येक जण वेगळा बोर्ड धरतो आणि तुलनाच होत नाही. भाव विचारताना "जीएसटी धरून का" हे विचारा, कॉम्प्युटर पार्टवर १८ टक्के आहे, आधी कमी भाव सांगून शेवटी तो वर चढवतात. बिलाशिवाय स्वस्त देतो म्हणाले तर नको म्हणा, वॉरंटीला बिल लागतं. इतर शहरांत आणि तालुक्याला ऑनलाइन मागवणं सोयीचं, फक्त डबा उघडताना व्हिडिओ काढा.

जोडणी

साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, टेबल, चांगला उजेड. गादीवर किंवा गालिच्यावर बसून करू नका, स्टॅटिक तयार होतं, आणि अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावत राहा.

मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात बारीक सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटवरही असतो, तो जुळवा. ५६००जी च्या पिना प्रोसेसरलाच असतात, खटका वर केला की तो आपल्या वजनाने आत पडतो, दाबायचा नाही. इंटेलच्या पिना सॉकेटमध्ये असतात, तिथे बोट लावू नका, प्रोसेसर अलगद ठेवून खटका खाली आणा, थोडा जोर लागतो आणि कुरकुर आवाज येतो, ते बरोबर आहे, वरचं काळं प्लॅस्टिक आपोआप उडून बाहेर येतं. ते जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीला देताना मागतात.

कूलर. डब्यातल्या कूलरला पेस्ट लावलेली येते, वेगळी लावायची गरज नाही, बोट लावू नका. एएमडीच्या स्टॉक कूलरला चार स्क्रू असतात, आधी बोर्डावरच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात, त्या काढल्या की मागची लोखंडी प्लेट सुटते म्हणून मागून हात धरा. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, एकच पूर्ण आवळला तर कूलर तिरका बसतो. इंटेलच्या कूलरला चार खुंट्या असतात, समोरासमोरच्या दोन एकदम दाबा, टक् आवाज आला पाहिजे, मग बोर्ड उलटा करून चारही टोकं मागून बाहेर आलीत का बघा. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर.

रॅम, चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. खाच जुळवा आणि दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा, क्लिप आपणहून बंद होते. इथे मात्र जोर लावायचा असतो, अर्धवट बसलेली रॅम हे पहिल्यांदा स्क्रीन न येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. एसएसडी तिरकी आत सरकवा, मग खाली दाबून छोटा स्क्रू.

आता कॅबिनेटमध्ये घालायच्या आधी बाहेरच चालू करून बघा, हा टप्पा गाळू नका. एसएमपीएसचं २४ पिन आणि प्रोसेसरचं ४+४ पिन लावा. ग्राफिक्स कार्डचं ६+२ पण आठ पिनांचंच असतं, ते प्रोसेसरच्या जागी दामटू नका. मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला. पॉवर स्विच लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा, चालू होतं. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, घाबरून बंद करू नका. स्क्रीन आलीच नाही तर रॅम काढून एकच पट्टी लावून बघा, मग ४+४ पिन पक्की आहे का बघा, बऱ्याच बोर्डांवर बारीक लाइट असतात, सीपीयू (प्रोसेसर) किंवा डीरॅम (रॅम) लिहिलेल्याजवळचा लाइट पेटून राहिला की कुठे अडलंय ते कळतं.

बायोस दिसलं की बंद करा आणि कॅबिनेटकडे वळा. आधी मागची पत्र्याची आय-ओ शील्ड (पोर्टभोवतीची पट्टी) दाबून बसवा. बोर्ड ज्यांवर टेकतो ते पितळी स्टँड बोर्डाच्या भोकांखालीच हवेत, एखादा जास्तीचा मधे राहिला तर बोर्ड शॉर्ट होतो, मोजून जुळवा. प्रोसेसरची वायर वरच्या कोपऱ्यातून आधीच ओढून ठेवा, नंतर लहान कॅबिनेटमध्ये हात जात नाही.

मग समोरच्या बटणांच्या बारीक वायरी. पॉवर स्विच, रीसेट, पॉवर एलईडी, एचडीडी एलईडी. मॅन्युअलमधलं चित्र मोबाईलवर मोठं करून समोर ठेवा. स्विचला उलटसुलट चालतं, एलईडीला अधिक-उणे बघावं लागतं, उलटं लागलं तर फक्त लाइट लागत नाही, काही जळत नाही. यूएसबी ३ चं जाड कनेक्टर सरळच घाला, त्याच्या पिना चटकन वाकतात.

पहिला दिवस

बायोसमध्ये रॅम पूर्ण दिसते का आणि तापमान किती ते बघा. ४०-५० डिग्री असेल तर ठीक, बसल्या बसल्या ८०-९० कडे चढायला लागलं तर मशीन बंद करून कूलर परत बसवा. एक्सएमपी, एएमडीच्या बोर्डवर डीओसीपी किंवा एक्सपो असं नाव असेल, ते चालू करा, नाहीतर पैसे दिलेल्या स्पीडपेक्षा रॅम हळू चालते. टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू आहे ना बघा.

विंडोजसाठी दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा, आणि बोर्ड कंपनीच्या साइटवरून लॅन-वायफायचे ड्रायव्हर दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये घेऊन ठेवा, विंडोज ११ सेटअपच्या मधेच इंटरनेट मागतं आणि ड्रायव्हर नसला की तिथेच थांबतं.

एका रात्री मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवा. एक जरी लाल एरर आला तरी रॅम बदलून मागा, "चालतंय ना" म्हणून सोडू नका, कारण पुढे महिन्या-दोन महिन्यांनी फाइल खराब व्हायला लागतात आणि कारण सापडत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामने एसएसडीचे पॉवर-ऑन तास बघा, नवीन म्हणून घेतलेल्या एसएसडीवर शेकडो तास दिसले तर ती वापरलेली आहे, तसाच स्क्रीनशॉट घेऊन दुकानात जा.

असेंबलमध्ये वॉरंटी एक नसते, प्रत्येक पार्टची वेगळी, आणि प्रत्येकाचं सर्व्हिस सेंटर वेगळं. सगळ्या डब्यांवरचे सिरियल नंबर आणि बिल यांचे फोटो काढून घरातल्या दोन जणांच्या मोबाईलमध्ये ठेवा, कारण थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पुसट होतं. प्रोसेसर आणि बोर्डाचे डबे माळ्यावर टाका पण फेकू नका, एसएमपीएसच्या अंगावरचं स्टिकर काढू नका.